संसर्गजन्य आजार व ग्रामीण उपचारव्यवस्था : जामखेडचा प्रयोग

सर्दी, खोकला, हगवण, गोवर, कांजिण्या, गालगुंड, डोळे येणे इ. संसर्गजन्य आजार सर्वत्र व नेहमी आढळतात. त्यांपैकी बहुतेक रुग्ण विश्रांती, पुरेसे पाणी, अन्न आणि साधी शुश्रूषा एवढ्यावर बरे होतात. थोड्या रुग्णांत मात्र तोच आजार काही तासांत वा दिवसांत प्राणघातक वळण घेतो. त्यामुळे रुग्ण घरी ठेवावा की दवाखान्यात न्यावा, हा निर्णय औषधाइतकाच महत्त्वाचा ठरतो. जेथे दवाखाना जवळ नाही, वाहन नाही आणि एका दिवसाची मजुरी बुडविणेही परवडत नाही, अशा खेड्यात हा निर्णय कोणी व कोणत्या खुणांवरून घ्यावा, हा सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासातील मूलभूत प्रश्न होय. अहमदनगर जिल्ह्यातील (२०२४ पासून अहिल्यानगर) जामखेड येथे १९७० साली सुरू झालेल्या सर्वसमावेशक ग्रामीण आरोग्य प्रकल्पाने तो निर्णय गावातीलच निरक्षर वा अल्पशिक्षित स्त्रीकडे सोपविला. या प्रकल्पाची चर्चा सामान्यतः बालमृत्यूंच्या घटत्या आकड्यांवरून केली जाते. प्रस्तुत लेखात निर्णयाच्या या हस्तांतराकडे विशेष लक्ष दिले आहे.

प्रदेश व पूर्वस्थिती : अहमदनगर हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा. त्याच्या उत्तर भागाला प्रवरा व गोदावरी यांच्या कालव्यांचे पाणी मिळाले. ऊस व सहकारी साखर कारखाने यांमुळे तेथे रस्ते, शाळा व दवाखाने तुलनेने लवकर आले. दक्षिणेकडील तालुके पर्जन्यछायेत राहिले. जामखेड तालुका जिल्ह्याच्या आग्नेय टोकास असून बीड, धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) व सोलापूर या जिल्ह्यांना तो लागून आहे. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण जामखेडपासून सु. ७५ किमी. दूर. १७९५ ची प्रसिद्ध लढाई जेथे झाली ते खर्डे आणि अहिल्याबाई होळकरांचे जन्मस्थान चौंडी ही दोन्ही गावे याच तालुक्यातील. तथापि हा लौकिक तालुक्याला दुष्काळापासून वा साथींपासून वाचवू शकला नाही, हे वेगळे सांगावयास नको.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून या भागाने अनेक मोठ्या साथी पाहिल्या. १८९६ मध्ये मुंबईत प्रकटलेली प्लेगची साथ दख्खनभर पसरली. १९१८ च्या इन्फ्ल्यूएंझाच्या साथीने मुंबई इलाख्यात प्रचंड प्राणहानी केली. त्याच वर्षी पावसानेही दगा दिला होता. १९११ व १९२१ या दोन जनगणनांच्या दरम्यान अहमदनगर जिल्ह्याची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. पटकी (कॉलरा) तर पाणवठे आटू लागताच व यात्रांच्या हंगामात वारंवार येत असे. प्लेगच्या वेळी सरकारने १८९७ चा साथरोग अधिनियम करून घरझडती, सक्तीचे विलगीकरण व सामानाची जाळपोळ असे उपाय योजले. वैद्यकीय दृष्ट्या त्यांतील काहींना आधार होता. परंतु ते ज्या रीतीने अंमलात आले तीमुळे लोक रुग्ण लपवू लागले. पुण्यातील त्याची परिणती प्लेग अधिकारी रँड याच्या हत्येत झाली, हे सर्वश्रुत आहे. खेड्यांत त्याचा परिणाम कमी नाट्यमय पण अधिक टिकाऊ ठरला : सरकारी दवाखाना म्हणजे माणसाला घरापासून तोडून नेणारी जागा, ही समजूत पुढील अनेक पिढ्या ग्रामीण मनात राहिली.

लोकसमजुती : सरकारी व्यवस्था पोहोचण्यापूर्वी व नंतरही खेड्याकडे आजारासंबंधीची स्वतःची नियमावली होतीच. गोवर, कांजिण्या व देवी (मसूरिका) हे आजार देवीचा कोप वा तिचे आगमन मानले जात. घरात 'देवी आली' म्हणजे दाराला कडुनिंबाचा डहाळा लावावयाचा, परक्याला आत येऊ द्यावयाचे नाही, घरात फोडणी घालावयाची नाही, रुग्णाला वेगळे अंथरूण द्यावयाचे आणि औषध मुळीच द्यावयाचे नाही. पटकीच्या वेळी मरीआईचा गाडा वाजतगाजत गावाच्या शिवेपर्यंत नेऊन सोडीत. मग शेजारचे गाव तो आपल्या शिवेतून पुढे ढकलीत असे. हे सर्व केवळ अंधश्रद्धा म्हणून निकालात काढणे इतिहासलेखकाला शोभणारे नाही. फोड उठलेल्या मुलाला इतर मुलांपासून दूर ठेवणे हे विलगीकरणच होते आणि देवीच्या रोगावर तर कोणतेही गुणकारी औषध नव्हते. दोष होता तो वेगळ्याच ठिकाणी. या नियमावलीत धोक्याची पायरी नव्हती. गोवर ओसरल्यावर मुलाला धाप लागली, हगवण सुरू झाली किंवा त्याच्या डोळ्यातील बुबुळावर पांढरे पडले, तरी ते देवीचेच उरलेले देणे समजले जाई. प्रत्यक्षात गोवराने दगावणारी मुले बहुधा पुरळाने नव्हे, तर त्यामागून येणाऱ्या न्यूमोनियाने आणि हगवणीने दगावतात; कुपोषित मुलात अ-जीवनसत्त्वाच्या अभावामुळे दृष्टीही जाते.

हगवणीविषयीची समजूत याहून घातक होती. पोटात पाणी टिकत नाही म्हणून पाणी देऊ नये, दूध व अन्न तोडावे, असा सर्वसाधारण सल्ला असे. त्यामुळे शुष्कतेने (शरीरातील पाणी कमी झाल्याने) मरणाऱ्या मुलाची शुष्कता घरचेच वाढवीत. लहान मुलाचे पोट उडू लागल्यास त्यावर बिब्ब्याचे चटके वा तापल्या सळईचे डाग देत. याच्या जोडीला विसाव्या शतकाच्या मध्यापासून एक नवी श्रद्धा आली, ती सुईवरची. ताप कोणताही असो, इंजेक्शन टोचल्याखेरीज तो उतरत नाही असे रुग्ण मानू लागले आणि आठवडी बाजाराच्या दिवशी एकच सुई अनेकांना टोचणारे पदवीहीन 'डॉक्टर' गावोगाव झाले. जुन्या देवीने औषध नाकारले होते. नव्या सुईने ते अकारण दिले. धोका ओळखण्याची विद्या दोहोंतही नव्हती.

आरोळे दांपत्य : रजनीकांत शंकरराव आरोळे (१० जुलै १९३४–२५ मे २०११) यांचा जन्म याच जिल्ह्यातील राहुरी येथला. वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकत असताना त्यांची मेबल इमॅन्युएल (१९३५–९९) यांच्याशी ओळख झाली. १९६० मध्ये ते विवाहबद्ध झाले. दोघांनी नेवासे तालुक्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात काही वर्षे काम केले. तेथे रुग्णांची गर्दी होती, शस्त्रक्रिया होत होत्या, रुग्ण बरे होऊन घरी जात होते. परंतु तीच मुले तेच आजार घेऊन पुन्हा येत होती. आजारांचा मोठा भाग टाळता येण्याजोगा आहे आणि रुग्णालयाच्या चार भिंतींत बसून तो टळत नाही, हा निष्कर्ष त्यांनी वडाळ्यात काढला. पुढे अमेरिकेत वैद्यकीय प्रशिक्षण व जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करून ते १९७० मध्ये परतले आणि त्यांनी मुद्दाम दुष्काळी जामखेड निवडले. गुरांच्या दवाखान्याच्या एका जुन्या इमारतीत काम सुरू झाले.

१९७१ ते १९७३ या काळात महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. या परिस्थितीत आरोग्याची भाषणे देण्यात अर्थ नव्हता. प्रकल्पाने बालकांसाठी गावोगावी सामुदायिक स्वयंपाकघरे सुरू करण्यास साहाय्य केले व हातपंपांच्या विंधन विहिरी खणल्या. यातील एक तपशील विशेष उल्लेखनीय आहे. अनेक गावांत या विहिरी हेतुतः दलित वस्तीत घेण्यात आल्या. उन्हाळ्यात गावच्या उघड्या विहिरीचा तळ दिसू लागला, की सवर्ण बायकांनाही पाण्यासाठी त्याच हातपंपावर यावे लागे. हगवण, विषमज्वर व पटकी या पाण्यातून पसरणाऱ्या रोगांचा मार्ग त्यामुळे अरुंद झालाच, शिवाय ज्यांना गावविहिरीवर कधी येऊ दिले जात नव्हते त्यांच्या दाराशी गाव आले. संसर्गजन्य रोगाचा प्रसार आणि जातीची उतरंड यांचा संबंध ग्रंथांतून अनेकांनी दाखविला आहे; विहिरीची जागा बदलून तो मोडण्याचा प्रयत्न मात्र विरळा. नारू या कृमिरोगाचीही येथे नोंद केली पाहिजे. पायऱ्यांच्या विहिरीत पाय बुडवून पाणी भरण्याच्या रीतीने तो टिकून होता आणि महाराष्ट्र हे त्याच्या प्रादुर्भावाच्या राज्यांपैकी एक होते. हातपंप, पाणी गाळून पिणे व विहिरींच्या पायऱ्या बंद करणे एवढ्याच उपायांनी तो हटला. भारतातील शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये आढळला व २००० साली देश नारूमुक्त म्हणून प्रमाणित झाला.

ग्राम आरोग्य कार्यकर्ती : प्रारंभी प्रकल्पाने प्रशिक्षित परिचारिका-प्रसाविका खेड्यांत राहावयास पाठविल्या. हा उपाय फसला. शहरात वाढलेली एकटी तरुण परिचारिका खेड्यात असुरक्षित असे आणि तिचे बोलणे गावातील बायकांना परके वाटे. तेव्हा ग्रामस्थांशी झालेल्या चर्चेतून गावातीलच एखादी प्रौढ, कळकळीची स्त्री निवडावी व तिला शिकवावे, ही कल्पना पुढे आली. निवड गावाने करावयाची होती. निवडलेल्यांपैकी पुष्कळ जणी निरक्षर होत्या, अनेक दलित होत्या, काही विधवा वा परित्यक्ता होत्या. ज्यांच्या हातचे पाणी गाव घेत नव्हते त्यांच्या हातून औषध घेण्यास ते सहजासहजी राजी झाले नाही. काही गावांत दीर्घ काळ कुरबुर चालली. पालट बहुधा एखाद्या प्रतिष्ठित घरातील बाळंतपण किंवा मूल वाचल्यानंतर झाला.

या स्त्रिया दर आठवड्याला जामखेडला जमत, एकत्र राहत, एकत्र जेवत व एकेका आजारावर बोलत. चित्रफलक, गाणी आणि पुनरावृत्ती ही अध्यापनाची साधने होती. गावात घडलेला रुग्ण हाच पाठ : कोणत्या घरातील मूल कोणत्या दिवशी आजारी पडले, कार्यकर्तीने काय पाहिले, काय केले, कधी पाठविले, हे ती सर्वांसमोर सांगे व इतर जणी त्यावर मत देत. फिरते वैद्यकीय पथक ठराविक दिवशी गावात येई आणि तिने वेगळे काढलेले रुग्ण तपाशी. तिच्या पेटीत मोजकीच साधी औषधे व मलमपट्टीचे साहित्य असे. पेटीपेक्षा महत्त्वाचे होते ते तिच्या डोक्यातील तीन गट : जे काही न करता बरे होते, जे घरच्या उपचाराने बरे होते आणि जे आपल्या हातचे नाही. तिसरा गट वेळीच ओळखणे हे तिचे कौशल्य आणि पहिल्या गटाला औषध न देणे हा तिचा संयम. दुसरी गोष्ट पहिलीहून अवघड असते, हे कोणताही अनुभवी डॉक्टर मान्य करील. नाक वाहणाऱ्या मुलाच्या आईला गरम पेज, अडुळसा वा आले-मध आणि धीर देऊन परत पाठवावयाचे, तेही ती सुईची मागणी करीत असताना, यासाठी शास्त्राइतकाच गावातला अधिकार लागतो.

उपचार व धोक्याच्या खुणा : अशा कार्यकर्तीला शिकवावयाच्या खुणा डोळ्यांनी दिसणाऱ्या व हातांनी कळणाऱ्या असाव्या लागतात. त्यांचा विकास जामखेडसह जगातील अनेक ठिकाणच्या अनुभवांतून झाला.

हगवणीच्या बाबतीत निर्णायक घटना महाराष्ट्राबाहेर घडली. १९७१ मध्ये बांगला देशातून आलेल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधील बनगाव येथील छावणीत पटकीची साथ उसळली. शिरेतून द्यावयाचे द्रव संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा यांचे मिश्रण पाण्यात विरघळवून ते रुग्णांच्या नातेवाइकांकरवी पाजविले. तीस टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यूंचे प्रमाण तीन-चार टक्क्यांवर आले. साखरेबरोबर मीठ आतड्यात शोषले जाते व त्यामागोमाग पाणी, हे तत्त्व त्यापूर्वीच ज्ञात झाले होते. ते प्रशिक्षित हाताशिवाय वापरता येते, हे बनगावने दाखविले. खेड्यासाठी त्याचे रूप असे झाले : एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ. येथे चमचा म्हणजे चहाचा लहान चमचा. मिश्रण डोळ्यांतील पाण्याहून खारट लागू नये, ही चाखून पाहण्याची खूण निरक्षर आईलाही पुरते. तयार पाकिटातील जलसंजीवनी उपलब्ध असल्यास तीच श्रेयस्कर, कारण प्रमाण चुकत नाही. बाळाचे अंगावरचे दूध व नेहमीचे अन्न चालू ठेवावयाचे असते. २००४ पासून जागतिक आरोग्य संघटनेने याच्या जोडीला दहा ते चौदा दिवस जस्ताच्या गोळ्या देण्याची शिफारस केली आहे. मूल मलूल पडले, डोळे खोल गेले, पोटावरील कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश पूर्ववत होऊ लागली, ते पिईनासे झाले, वारंवार ओकू लागले किंवा शौचात रक्त दिसले, तर मात्र घरचा उपचार पुरेसा नसतो. दवाखान्याच्या वाटेवरही घोट घोट पाणी पाजीत राहावयाचे असते, हा बारकावा कार्यकर्तीला विशेषत्वाने शिकवावा लागतो. कारण 'आता डॉक्टर पाहतील' म्हणून पाणी थांबविण्याची प्रवृत्ती असते.

खोकल्याचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होता. साधी सर्दी आणि न्यूमोनिया यांतील फरक डॉक्टर छातीनळीने ओळखतो. कार्यकर्तीजवळ ती नसते. श्वासांची संख्या मोजणे हा त्यावरील उपाय सत्तरीच्या व ऐंशीच्या दशकांत पुढे आला. शांत असलेल्या मुलाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजावयाचे. दोन महिन्यांच्या आतील बाळात ते साठ वा अधिक, दोन महिने ते एक वर्ष या वयात पन्नास वा अधिक आणि एक ते पाच वर्षे या वयात चाळीस वा अधिक असतील, तर न्यूमोनियाचा संशय धरावयाचा. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, मूल पीत नसेल, त्याला झटके येत असतील किंवा ओठ निळसर झाले असतील, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावयाचे. दोन महिन्यांच्या आतील बाळाचा कोणताही ताप, तसेच त्याचे अंग गार पडणे वा ते अंगावर न पिणे, हे थेट तिसऱ्या गटात येते.

इतर आजारांचे थोडक्यात सांगता येईल. गोवराचा रुग्ण पुरळ उठण्यापूर्वी व नंतर प्रत्येकी सु. चार दिवस संसर्ग देतो. त्याला अ-जीवनसत्त्व देणे आवश्यक असते आणि पुरळ गेल्यावरही दोन-तीन आठवडे श्वास, शौच व डोळे यांवर लक्ष ठेवावे लागते. कांजिण्यांत सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत मुलाला वेगळे ठेवतात व त्याला ॲस्पिरीन देत नाहीत. गरोदर स्त्री, नवजात अर्भक आणि प्रौढ यांना हा आजार जड जातो. गालगुंडात मान ताठणे, तीव्र डोकेदुखी अथवा वृषणाला सूज या खुणा गंभीर होत. डोळे आल्यास पंचा व टॉवेल वेगळा ठेवणे पुरते. दृष्टी अंधूक झाल्यास वा उजेड असह्य झाल्यास मात्र डॉक्टरांकडे जावे. दोन आठवड्यांहून अधिक टिकणारा खोकला (पूर्वी ही मर्यादा तीन आठवड्यांची होती) क्षयासाठी तपासला पाहिजे आणि संवेदना नसलेला फिकट चट्टा कुष्ठरोगासाठी. या शेवटच्या दोन रोगांत जामखेडच्या कार्यकर्त्यांचे महत्त्व फार होते. उपचार अनेक महिने चालतात, रुग्ण आजार लपवितो आणि गावच त्याला टाकते. आठवड्यातून एकदा येणारा डॉक्टर हे पाहू शकत नाही. शेजारी राहणारी बाई पाहते.

मूल्यमापन : प्रकल्पाच्या नोंदींनुसार त्याच्या क्षेत्रातील अर्भकमृत्यूंचे प्रमाण १९७१ मध्ये दर हजार जिवंत जन्मांमागे १७६ होते, १९७६ मध्ये ते ५२ वर आले. हे आकडे जगभर उद्धृत झाले. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लोकांनी उभारलेल्या आरोग्यसेवांविषयीच्या ग्रंथात जामखेडवर एक प्रकरण होते आणि १९७८ च्या आल्मा-आता येथील प्राथमिक आरोग्यसेवा परिषदेच्या वैचारिक पूर्वतयारीत अशा उदाहरणांचा वाटा होता. आरोळे दांपत्यास १९७९ मध्ये मागसायसाय पुरस्कार मिळाला. १९९० मध्ये रजनीकांत आरोळे यांना पद्मभूषण देण्यात आले. दोघांनी लिहिलेला प्रकल्पाचा इतिहास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला.

तथापि या आकड्यांना मर्यादा आहेत. ते प्रकल्पाने स्वतःच गोळा केलेले असून मूळ वर्ष दुष्काळाचे आहे, त्यामुळे घट काहीशी अधिक भासते. पाणी, अन्न, लसीकरण व कार्यकर्ती यांपैकी कशाचा वाटा किती, हेही त्यांवरून सांगता येत नाही. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेली तुलनात्मक पाहणी या दृष्टीने मोलाची आहे. प्रकल्पातील गावे आणि आसपासची प्रकल्पाबाहेरील गावे यांची तुलना करता एक महिना ते पाच वर्षे या वयोगटातील मृत्यूंचा धोका प्रकल्पाच्या गावांत सु. ३० टक्के कमी आढळला. पहिल्या महिन्यातील मृत्यूंत मात्र निश्चित फरक दिसला नाही. हा निष्कर्ष अर्थपूर्ण आहे. एक महिन्यानंतर मुले मुख्यतः हगवण, न्यूमोनिया, गोवर अशा आजारांनी मरतात, म्हणजे जेथे वेळीच ओळखणे व पाठविणे यांना महत्त्व असते तेथेच फरक पडला. नवजाताचे आजार वेगळे असतात व त्यांच्या खुणा फार सूक्ष्म.

ती उणीव भरून काढण्याचे काम महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोली जिल्ह्यात झाले. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने १९८८ पासून ५८ गावांत अल्पशिक्षित कार्यकर्ते व सुईणी यांना न्यूमोनिया ओळखण्यास व त्यावर प्रतिजैविक देण्यास शिकविले. मोजता न येणाऱ्या सुईणींसाठी एक मिनिटाची वाळूची घटिका आणि सरकत्या मण्यांची चौकट असे साधन तयार केले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवावयाचा. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या व्यवस्थेत उपचार झालेल्या न्यूमोनियाच्या मुलांपैकी ०·८ टक्के दगावली; तुलनेसाठी घेतलेल्या गावांत हे प्रमाण १३·५ टक्के होते. पुढे हीच पद्धत नवजातांच्या घरगुती शुश्रूषेसाठी वापरली गेली व नवजातमृत्यूंत मोठी घट झाल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. येथे जामखेडच्या पुढचे पाऊल पडलेले दिसते : कार्यकर्ती केवळ पाठविण्याचा निर्णय घेत नाही, तर पाठविणे शक्य नसेल तर स्वतः उपचारही करते. वैद्यकीय व्यावसायिकांचा याला दीर्घ काळ विरोध होता. डॉक्टराविना प्रतिजैविक देणे धोक्याचे, हा त्यांचा आक्षेप निराधार नव्हता. परंतु जेथे डॉक्टर नाही तेथे पर्याय डॉक्टरचा नसून डागण्याचा होता, हे त्यात लक्षात घेतलेले नसे.

शासकीय योजना : कल्पना शासनाने उचलली, पण तिचा गाभा वाटेत सांडला. २ ऑक्टोबर १९७७ रोजी केंद्र शासनाने लोक आरोग्य स्वयंसेवक योजना सुरू केली. दर हजार लोकवस्तीमागे एक स्वयंसेवक, अल्प मुदतीचे प्रशिक्षण, औषधांची पेटी व दरमहा ५० रु. मानधन असे तिचे स्वरूप होते. निवडले गेले ते बहुतांशी पुरुष, बऱ्याच ठिकाणी गावातील वजनदार घरांतील. आजारी मूल ज्या स्वयंपाकघरात, ज्या मांडीवर असते तेथवर पुरुष स्वयंसेवकाचा प्रवेशच नव्हता. शिवाय प्रशिक्षण एकदाच झाले. जामखेडचे आठवड्याचे एकत्र बसणे, तेथील चुकांची चर्चा व मागे उभे असलेले रुग्णालय या तिन्ही गोष्टी योजनेत नव्हत्या. पाठविलेल्या रुग्णाला दवाखान्यात कोणी विचारीत नसेल, तर पाठविणाऱ्याचा शब्द गावात फार दिवस चालत नाही. पुढे २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात गावातील स्त्रीच 'आशा' म्हणून निवडावी हे तत्त्व स्वीकारले गेले. नवजाताच्या घरभेटी, जलसंजीवनी आणि क्षयरुग्णांचा पाठपुरावा ही कामे आता तिच्याकडे आहेत; नोंदवह्या आणि सर्वेक्षणे यांचा भारही.

अलीकडील काळ : रजनीकांत आरोळे यांच्या निधनानंतर प्रकल्पाचे काम त्यांची कन्या शोभा व पुत्र रवी यांच्याकडे आले. मध्यंतरी रस्ते झाले, मोबाइल दूरध्वनी आले, जामखेड गावात खाजगी दवाखाने वाढले. हगवण व गोवर यांची जागा मधुमेह व रक्तदाब यांनी घेतली आणि कार्यकर्तीच्या कामाचे स्वरूप त्यानुसार बदलले. कोविड–१९ च्या साथीत (२०२०–२१) जुना प्रश्न मात्र नव्या रूपात उभा राहिला. बहुसंख्य रुग्ण घरी बरे होणारे, थोडे झपाट्याने खालावणारे आणि दोहोंतील फरक प्रारंभी न दिसणारा, असाच हा आजार होता. प्रकल्पाच्या रुग्णालयात कोविडच्या रुग्णांवर उपचार करण्यात आले. याच जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने २०२१ च्या दुसऱ्या लाटेत गावातील पथकांकरवी घरोघर तपासणी, लक्षणे असलेल्यांचे तत्काळ विलगीकरण व गंभीर रुग्ण वेळीच हलविणे या मार्गाने साथ आटोक्यात आणली. बोटाला लावावयाचा प्राणवायुमापक या काळात खेडोपाडी पोहोचला व ९४ हा आकडा घरोघर माहीत झाला. श्वास मोजण्याच्या मण्यांचे हे विद्युत् रूप म्हणता येईल. मात्र आकडा घसरल्यावर खाट कोठे आहे व तेथवर नेणारे वाहन कोणाचे, हे त्या उपकरणावर दिसत नव्हते. एप्रिल २०२१ मध्ये अनेक कुटुंबांना त्यासाठी एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात फिरावे लागले.